हार-फुले आणू नयेत

"सर, थोडा कलर टाकू का?" फ्लेक्सच्या दुकानात वीरप्पानं भीत भीत विचारलं आणि विष्णुपंत उपाध्यांचा पारा चढला.

तसा तो खाली कधी असायचा, हाच प्रश्न होता. विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला आणि गेली दोन वर्षं ते जळकोटजवळच्या झाडीत पालथे पडून रानफुलांचे फोटो काढत होते. फूल करंगळीच्या नखाएवढं आणि भिंग त्याच्यापासून चार बोटांवर. वारा सुटला की ते वाऱ्यावर ओरडत, मुंगी चढली की मुंगीवर. फोटो मात्र सगळे काळे-पांढरे. रंग म्हणजे लबाडी, असं त्यांचं ठाम मत होतं. रंग दिसला की माणूस फूल बघतच नाही म्हणे.

"गर्द जांभळं फूल होतं हो, त्याचा पार कोळसा करून ठेवलात," असं त्यांच्या पत्नी नीलाताई एकदा म्हणाल्या होत्या. त्यानंतर दोन दिवस घरात अबोला होता.

आता त्या फोटोंसाठी तुळजापुरातलं एक मंगल कार्यालय रविवारपुरतं मिळालं होतं, आणि हा वीरप्पा कलर टाकू का म्हणून विचारत होता.

"सगळा कार्यक्रमच काळ्या-पांढऱ्याचा आहे! कलर कशाला?"

"फुलं ऱ्हाऊ द्या सर तशीच. पर तुमच्या फोटोला तरी... लोकांचा भलताच समज व्हईल."

"लोकांच्या समजुतीचा ठेका मी घेतलेला नाही. लिहून दिलंय त्यातला एक काना-मात्रा हलला तर बघा!"

"बरं. तुमी म्हणाल तसं," वीरप्पा म्हणाला.

शनिवारी दुपारी बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला. वर मोठी अक्षरं, 'रंगांच्या पलीकडे'. मधोमध विष्णुपंतांचा काळा-पांढरा, कपाळाला आठ्या घातलेला चेहरा आणि भोवती काळी-पांढरी फुलं. खाली नाव, मंगल कार्यालयाचा पत्ता, आणि 'रविवारी सकाळी दहापासून. सर्वांनी सहकुटुंब दर्शनास यावे.' प्रदर्शन हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला होता. प्रदर्शन बैलांचं असतं, असं ते म्हणत. आणि फूल खुडणाऱ्या माणसाचा त्यांना मनस्वी संताप असल्यामुळं सगळ्यात शेवटी ठळक ओळ होती, 'कृपया हार-फुले आणू नयेत.'

रविवारी सकाळी दोघं नवरा-बायको कार्यालयात फोटो टांगत होते. लोक उगाच फोन करून डोकं खातात म्हणून विष्णुपंतांनी आपला फोन कालपासूनच बंद ठेवला होता. साडेनऊच्या सुमारास नीलाताईंचा वाजला. शाळेतले जुने कारकून होते.

"वहिनी, धीर धरा."

"दोन वर्षं धीरच धरलाय भाऊजी. आज सुटले बघा एकदाची."

कारकुनांनी आवाज खाली आणला.

"लई त्रास काढला का हो सरांनी?"

"त्यांनी कसला? मी काढला! घरभर पसारा नुसता. आज सगळं बाहेर काढलं, घर कसं मोकळं वाटतंय."

"आमी निघालोच," कारकून कसेबसे म्हणाले आणि फोन ठेवला. "माणसं फार आपुलकीची आहेत," असं स्वतःशी म्हणत नीलाताई चहाचं सांगायला बाहेर गेल्या.

दहाला माणसं येऊ लागली, तेव्हा विष्णुपंत आतल्या खोलीत एका निखळलेल्या चौकटीला शिव्या देत खिळा ठोकत होते. बाहेर चपला निघाल्याचा आवाज आला, पण बोलण्याचा नाही. त्यांनी दार किलकिलं करून पाहिलं आणि थक्कच झाले. हॉल अर्धा भरला होता. पांढरे सदरे, डोक्यावरून पदर, खाली माना. एकेक माणूस फोटोपुढं थांबत होता, हात जोडत होता आणि मुकाट्यानं सतरंजीवर बसत होता. कुणाच्या हातात फूल नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच विष्णुपंतांचा राग उतरला. तुळजापूरला कला कळत नाही, हे आपलं मत बदलायला हवं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि बब्रुवान आत आला.

त्याला पाहताच उतरलेला राग होता तिथं परत चढला. हा जळकोटचा बब्रुवान. त्याचं शेत झाडीला लागून होतं. विष्णुपंत तिथल्या शाळेत असताना दोघांची दोस्ती अशी, की एकाच्या घरी पाहुणा आला तर दुसऱ्याच्या घरी चहा टाकला जायचा. मग गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बांधावर नभाळी नावाच्या रानफुलाचं एक रोप उगवलं. विष्णुपंतांनी नऊ दिवस त्याच्यापुढं लोळण घेतली, फोटो काढले, आणि खरी बहार दहाव्या दिवशी येणार म्हणून दहाव्या दिवशी गेले तर रोप जळून पिवळं पडलेलं. बब्रुवाननं तणनाशक मारलं होतं. "तण हाय म्हून मारलं," एवढंच तो म्हणाला. विष्णुपंत जे बोलले ते शेजारच्या तीन शेतांत ऐकू गेलं. तेव्हापासून दोघांचं एकमेकांचं तोंड बघणं बंद होतं.

आणि आता हाच माणूस त्या नभाळीच्या फोटोपुढं उभा राहून हमसून रडत होता.

"म्याच मारलं हो मास्तरला! येवढ्याशा फुलासाठी तळमळून गेलं माझं मास्तर. म्या पापी हाय!"

"असं नगं म्हणू," मागून कुणीतरी म्हणालं. "दैवात हुतं."

"कसलं दैव? लई देवमाणूस हुता. तोंडानं फाटका, पर देवमाणूस."

दरवाजा धाडकन उघडला. "तोंडानं फाटका कोण रे?" हातात हातोडी घेऊन विष्णुपंत बाहेर आले.

एक बाई किंचाळली. शाळेतले कारकून जागच्या जागी खाली बसले. बब्रुवान दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं विष्णुपंतांच्या पायांकडं पाहिलं. पाय सुलटे होते. मग त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद, आणि त्याच्या पाठोपाठ संताप आला.

"तुमी मेला न्हाय व्हय?"

"मी कशाला मरू?"

"मग स्टँडापुढं फोटो कशाला लावला? आन् ही म्हातारी-कोतारी माणसं जीप भरून आणली म्या! सकाळपासनं पोटात पाण्याचा थेंब न्हाय माझ्या!"

"फ्लेक्स वाचता येतो का तुला? रंगांच्या पलीकडे!"

"पलीकडं गेला असंच लिव्हलंय की मग!"

विष्णुपंतांनी वीरप्पावर ओरडावं तर अक्षरन् अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. चहावाल्याला घेऊन आलेल्या नीलाताईंना मात्र दारातच सगळा उलगडा झाला. आपण कारकुनांना काय काय बोललो ते आठवून त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि पदरात तोंड घालून हसत राहिल्या. ते पाहून आत काहीजणींनी पुन्हा हुंदके द्यायला सुरुवात केली.

"रडू नका!" विष्णुपंत गरजले. "चहा घ्या! आणि आलाच आहात तर फोटो बघा! फोटो बघितल्याशिवाय एकानंही इथून जायचं नाही!"

बब्रुवाननं रागारागानं दोन कप चहा प्यायला. मग नभाळीच्या फोटोपाशी जाऊन, विष्णुपंतांकडं न बघता म्हणाला, "त्या बांधाला परत औषिद मारलं न्हाय म्या. आठ-धा झाडं आली हुती यंदा. तुमीच आला न्हाय."

"सांगायला काय झालं होतं?" विष्णुपंत खेकसले, पण त्यांनी हातोडी खिडकीत ठेवली.

जीपमधून आलेली बब्रुवानची चुलती, कस्तुराबाई, ऐंशीच्या पुढची, इतका वेळ एकेक फोटो डोळे बारीक करून बघत होती. ती काठी टेकत आली आणि खुर्चीत बसली.

"मास्तर, येक काम कर. माझाबी असाच काळा-पांढरा काढ."

"मी माणसांचे फोटो काढत नाही."

"पोरं ऐन वक्ताला आधार कार्डावरचा लावत्याल. मेल्यावर तरी लोकांनी हसू न्हाय. काढ."

मागं बसलेल्या म्हाताऱ्यांत कुजबुज झाली आणि दोघं-तिघं सदरे सारखे करत रांगेला उभे राहिले. विष्णुपंतांनी कपाळावर हात मारला आणि चरफडत कॅमेरा आणला. त्यांच्याकडं भिंग एकच होतं, फुलांचं. सवयीनं ते चार बोटांवर जाऊन वाकले. भिंगात म्हातारीच्या कपाळावरचं गोंदण आलं. सुरकुत्यांत रुतलेले पाच ठिपके, मधला जरा मोठा. विष्णुपंतांचा श्वास आपोआप रोखला गेला.

"हलू नका," ते म्हणाले. पण ओरडले नाहीत.

त्यांनी फोटो काढला आणि पडद्यावर तिला दाखवला. कस्तुराबाईनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"कंचं फूल म्हणायचं हे?"

"फूल नाही आजी. तुमचं गोंदण आहे. फार सुंदर आलंय."

"आलं आसंल," कस्तुराबाई म्हणाली. "पर नाक-डोळं येऊ दे की बाबा. कोण मेलंय ते लोकांना कळाय नगं व्हय?"

विष्णुपंत दोन वर्षांत पहिल्यांदाच तीन पावलं मागं सरकले.