सासऱ्यांची मुलाखत

"एकदा हे बसवलं की टीव्हीवरचं काहीही निसटणार नाही!" जावयाने छाती फुगवून सांगितलं. पंधरा वर्षं तो लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत होता. चौदाव्या मजल्यावर लोंबकळत काम करणाऱ्याला टेबलावरच्या कॉम्प्युटरची कसली भीती!

निमित्तही तसंच होतं. सासरे अडतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हवर कामाला होते. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी टीव्हीवाल्यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि ती रविवारी चारला लागणार होती. नेमके त्याच आठवड्यात सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात. वॉर्डात टीव्ही नाही, आणि कार्यक्रम पुन्हा दाखवणार नव्हते.

"जमणार नसेल तर आत्ताच सांग," बायको म्हणाली. "बाबांचं हे एकदाच होणार आहे."

"तू बघच!"

जुना कॉम्प्युटर उघडला गेला. त्यात टीव्हीचं कार्ड बसलं, मोठी डिस्क बसली. जेवणाच्या टेबलावर इतक्या वायरी पसरल्या की तीन दिवस सगळे ताट मांडीवर घेऊन जेवले. शनिवारी त्याने बातम्या रेकॉर्ड करून पाहिल्या. चित्र स्वच्छ, आवाजही येत होता! त्या वेळी खोलीत आपण एकटेच होतो आणि गप्प होतो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सासूबाईंसकट सगळ्यांनी मिळून मुलाखत पाहिली, तिकडे रेकॉर्डिंगही झालं. बुधवारी सासरे घरी आले. त्यांना उशा लावून बसवलं, पाय स्टुलावर ठेवला. जावयाने बटण दाबलं.

पडद्यावर इस्त्रीच्या शर्टातले सासरे अवतरले. त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज आला जावयाचा!

"आली, पाइप फुटल्याची गोष्ट आली! मागच्या वेळी पाणी कमरेपर्यंत होतं, आज छातीपर्यंत चढलंय! पुढच्या वेळी बुडणार बघ!"

मग बायकोचं खुदकन हसणं. सासऱ्यांचा स्वतःचा आवाज मागून कुठून तरी, विहिरीतून आल्यासारखा. कॉम्प्युटरने टीव्हीचा आवाज घेतलाच नव्हता. बायको बहिणीशी बोलायला वापरायची त्या सोफ्यावरच्या माइकमधून खोलीतलं अक्षर न् अक्षर टिपलं होतं!

तो बंद करायला धावला, वायरीत पाय अडकून गुडघ्यावर आपटला.

"राहू दे," सासरे म्हणाले. "ऐकतोय मी."

पडद्यावर ते हातवारे करत होते. आता सासूबाईंचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"हसू नका. छातीपर्यंतच होतं पाणी. मी पाहिलंय. डबा घेऊन गेले होते. दोरी बांधली होती, पुढे सोडेनात. अकरा तास उभा होता माणूस त्या पाण्यात. मी नुसती बघत राहिले आणि परत आले."

इकडे खोलीत सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"तू आली होतीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"आले होते."

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही घरी आलात ते थेट झोपलात. मग राहूनच गेलं."

गुडघा चोळत जावई म्हणाला, "बाबा, चूक झाली. मी टीव्हीवाल्यांकडून नीट प्रत मागवतो. हे पुसून टाकतो."

"हात लावायचा नाही!" सासरे गरजले. "तिचं बोलणं परत लाव."

त्याने लावलं. चार वेळा.

आता सासऱ्यांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती मुलाखत बघावीच लागते. जावई पाहुण्यांना पाणी द्यायच्या निमित्ताने आत सटकतो, पण सासरे हाक मारून त्याला बाहेर बोलावतात आणि अगदी मनापासून ओळख करून देतात:

"यंत्र यांनीच बनवलंय. पहिला आवाजही यांचाच आहे!"