एक लाख तीन पानांच्या पंगतीची बखर

श्रीशून्यनारायण प्रसन्न असोत. पुढील हकीकत कोणी खरी मानणार नाही, न मानो, आम्ही डोळां पाहिली आहे. शके सोळाशे एक्क्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, एका राज्यीं (नाव सांगितले तर तेथे जाऊन विचाराल) महाराजांनी मोहीम फत्ते केली आणि अवघ्या फौजेस मेजवानी फर्माविली. मुदपाकखान्यात चुली सात, म्हणोन पंगती सात, आणि साती पंगती नेमक्या सारख्या, एक पान कमी नाही की जास्ती नाही, हा वडिलांपासोनचा रिवाज. पंगती जुळत नाहीत तोवर तूप वाढणे नाही, की जेवणास हात लावणे नाही. मग फौज मोजिली, ती भरली एक लाख तीन. मग सात पंगती मांडिल्या, तो बावाजी खराडे म्हणोन शिलेदार पत्रावळ धरोन एकटाच उरला. मग महाराज रिवाजास मुरड घालोन तिहींवर आले, तरी बावाजी उरला. मग दोन मांडिल्या, पुन्हा बावाजीच, आणि वरण निवले, आणि लाख माणूस उठता बसता घामाघूम जाहले, आणि कोण कोणाचे पानावर बसले कळेना. मग पाच मांडिल्या, तो बावाजीस दोन सोबती मिळाले, इतकेच. मग ज्योतिषी वीरेश्वरभट यांस बोलाविले. भटजींनी धुळीत आकडे मांडिले, पुसले, पुन्हा मांडिले आणि हात जोडोन बोलिले, "महाराज, ही मूळसंख्या. एकाने भागते, नाहीतर आपली आपणांसच भागते. वरकड कोणास दाद देणार नाही."

"म्हणजे करावे काय?"

"एकच लांब पंगत मांडावी."

"शेवटचे पान गनिमाचे मुलखात जाईल की हो!"

"नाहीतर एकेका पानाची एकेक पंगत."

"त्यास पंगत म्हणतात, भटजी?"

मग बावाजी पाया पडोन बोलिला, "सरकार, मी उपाशीच घरी जातो." महाराज गरजले, "आमचे दारींचा माणूस उपाशी जाईल? अब्रू काय राहिली? सातच पंगती मांडा, आणि जो बाहेर उरेल त्याचे शिर मारा!" ऐसा हुकूम होताच लाख माणूस आपापली पत्रावळ घट्ट धरोन बसले, आणि तलवारवाला बाह्या सारोन पुढे आला. इतक्यात आम्ही वाटसरू, भुकेजलेले, वरणाचे वासावर तेथे पोहोचलो. म्हटले, "एक पान आमचेही मांडा," आणि बावाजीचे शेजारी बसलो, आणि मग साती पंगती काय सुरेख जुळल्या! तूप आले, बावाजी रडत रडत जेवला, आणि महाराजांनी आम्हांस आपले हाते जिलबी भरविली. येणेप्रमाणे आमचे एका पानाने बावाजीचा जीव वाचला, राज्याची अब्रू राहिली, हे तात्पर्य...

"थांबा हो भावोजी," आमची ही हकीकत ऐकत बसलेल्या म्हाळसाकाकू सुपारी कातरता कातरता मध्येच बोलिल्या. "सातांत एक उरत होता. त्यात तुमची भर पडली. म्हणजे उरले दोन, बावाजी आणि तुम्ही. आणि उरेल त्याचे शिर मारायचे होते ना? मग तुमच्या खांद्यावर हे काय आहे?"