तात्यांचं जुनं खातं

तात्यांच्या दुकानात बिल एकच व्हायचं, पण फोननं पैसे द्यायचे असतील तर ते दोनदा द्यावे लागायचे. जळालेली पाण्याची मोटार दुरुस्त झाली, बिल अठराशे झालं, की तात्या चष्मा कपाळावर सरकवून सांगायचे, "आधी मजुरीचे टाका. गेले? आता सामानाचे टाका." एकदम टाकले तर काय बिघडतं, असं गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायचे, "मोटारीचं काय बिघडत नाय. पण आपल्याकडं पद्धत हाये."

या पद्धतीचा खरा जाच मला होता, कारण तात्यांचे हिशेब मी लिहायचे. मी पुंडलिकनगरातच राहते आणि आसपासच्या पाच-सहा दुकानांची वह्या-बिलं सांभाळते. किराणावाला, मेडिकलवाला, पिठाची गिरणी, सगळे सरळ लोक. एक बिल, एक नोंद. तात्यांचं मात्र एक बिल आणि दोन नोंदी.

तात्यांचं खरं नाव साहेबराव. बोअरच्या मोटारींचं वायंडिंग करण्यात, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्यात, त्यांचा हात धरणारा माणूस या बाजूला नव्हता. त्यात ती दुष्काळाची वर्षं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, संभाजीनगरच्या चारी अंगांना नव्या इमारती, प्रत्येक इमारतीला बोअर, आणि प्रत्येक बोअर तळाला गेलेला. पाण्याशिवाय मोटार चालू राहिली की जळते. अशा मोटारी रिक्षात, हातगाडीवर, स्कूटरच्या पुढ्यात ठेवून लोक आणायचे.

तात्या आधी मोटारीकडे बघायचेच नाहीत. आणणाऱ्याकडे बघायचे.

"बोअरला पाणी किती वेळ येतं?"

"दहा मिनिटं येतं."

"अन् चालू किती वेळ ठेवली?"

"डोळा लागला हो तात्या."

"तिचाबी लागला मग."

पैसे देण्याच्या तऱ्हेवरून त्यांनी माणसांची प्रतवारी लावून ठेवली होती. "रोखवाला भांडतो, पण परत येतो," ते मला सांगायचे. "चेकवाला सोसायटीचा चेअरमन असतो. त्याला मोटार कुठं बसवलीय तेबी ठाऊक नसतं, सही तेवढी झोकात. अन् फोनवाला भांडत नाय, बोलत नाय, मान खाली घालून येतो अन् तसाच जातो."

एवढं असूनही ज्याच्या हातात फोन दिसेल त्याला ते रोख देऊ द्यायचे नाहीत. चाळीस रुपयांच्या किरकोळ सामानालासुद्धा, "फोननं टाका की." मला वाटायचं, सुट्ट्याची अडचण असेल.

मग दुकानाचा प्रश्न आला. जागा भाड्याची. मालकानं ती जुनी बैठी खोली पाडून तीन मजली कॉम्प्लेक्स बांधायचं ठरवलं. तात्या जुने भाडेकरू, म्हणून खालचा एक गाळा आधी त्यांना विचारला. कर्ज काढल्याशिवाय जमणार नव्हतं. बँकेतल्या साहेबांनी तात्यांच्या नावाचं नवीन खातं उघडून दिलं आणि बजावलं, धंद्याचे सगळे पैसे याच खात्यात दिसू द्या, सहा महिने नीट दिसले की कर्जाचं बघू. गाळा गेला असता तर तात्यांना शहराबाहेर सरकावं लागलं असतं, आणि साठीच्या माणसाच्या मागं गिऱ्हाईक तेवढं लांब जात नाही.

मी हिशेबाचं सॉफ्टवेअर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यात एक पान असतं. गिऱ्हाईक ज्या ज्या तऱ्हेनं पैसे देतं त्या डाव्या हाताला, आणि प्रत्येकीसमोर रिकामी चौकट. ते पैसे कुठल्या खात्यात धरायचे ते तिथं भरायचं. एकदा भरलं की पुढं आपोआप.

"रोख?" मी विचारलं.

"गल्ल्यात."

"चेक?"

"नव्या खात्यात टाका."

"आणि फोन?"

तात्यांनी पक्कड उचलली, पुसली, जागेवर ठेवली. "ते जुन्याच खात्यात राहू द्या."

फोननं पैसे घ्यायचा भिंतीवरचा चौकोनी कोड एका जुन्या खात्याला जोडलेला होता. मी समजावलं, की फोनचेच पैसे सगळ्यात जास्त येतात, बँकेला तेच दिसायला हवेत. त्यांनी पटल्यासारखी मान हलवली. पुढच्या आठवड्यात मी गेले तर म्हणाले, कोड लई घट्ट चिकटवलाय, भिंतीचा रंग निघंल. त्याच्या पुढच्या आठवड्यात अमावस्या होती. नंतर म्हणाले, लोकांच्या नजरेला सवय झालीय, नव्या कोडला बिचकतील.

"तात्या, गाळा हवाय ना?"

"पाह्यजे की."

"मग?"

"बघू."

महिनाभर असं चाललं. शेवटी मी जुन्या खात्याचा उतारा आणायला त्यांना घेऊन बँकेत गेले. खिडकीतली बाई म्हणाली, खातं दोघांच्या नावावर आहे, साहेबराव आणि रावसाहेब. मेसेज दुसऱ्याच नंबरवर जातात, बदलायचा का?

"नको," तात्या इतक्या पटकन म्हणाले की त्या बाईनं मान वर करून पाहिलं.

बाहेर रसवंतीच्या बाकावर बसल्यावर ते बोलले. रावसाहेब त्यांचा धाकटा भाऊ. वडलांना दुसरं नाव सुचलं नाही म्हणून त्यांनी थोरल्याचंच उलटं करून ठेवलं. दोघांनी मिळून दुकान काढलं, वीस वर्षं शेजारी शेजारी बसून तारा गुंडाळल्या. मग रावसाहेबाच्या मनात आलं, नव्या मोटारींची एजन्सी घ्यावी.

"म्या म्हणलं, बोअरला पाणी नाय अन् तू त्याला नवी मोटार विकणार? तो म्हणला, मग जुनी दुरुस्त करून काय होतंय, तीबी जळणारच. म्या म्हणलं, जळली तर परत आणतील." तात्यांनी रसाचा ग्लास बाकावर ठेवला. "चार लोकांसमोर म्या त्याला लबाड म्हणलं, ताई. गिऱ्हाईक बसलेलं होतं."

रावसाहेब पिशोरला निघून गेला. तिथं थोडी शेती, आणि एका शेडमध्ये मोटारींचंच काम. चार वर्षं झाली, दोघांत शब्द नाही. भिंतीवरचा कोड त्यानंच जायच्या आधी चिकटवलेला, आणि खात्याला नंबरही त्याचाच, कारण तेव्हा तात्यांकडे फोन नव्हता.

"इथं कुणी पैसे टाकले की तिथं त्याचा फोन वाजतो," तात्या म्हणाले. "सकाळी पहिला मेसेज गेला की त्याला कळतं, तात्यानं दुकान उघडलं. दिवसात धा-बारा गेले की कळतं, हात चालतेत अजून."

एका बिलाचे दोन भाग का व्हायचे, ते मला तेव्हा कळलं. वर्षभर मी त्या दुहेरी नोंदींना मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या.

"एक फोन करा ना त्यांना," मी म्हणाले.

"करून काय बोलू?"

रसाचे पैसे मी दिले.

दोन दिवसांनी त्यांनीच मला बोलावलं. भिंत ब्लेडनं खरवडलेली होती, रंगाचे पोपडे खाली पडले होते, आणि जुन्या कोडच्या जागी बँकेनं दिलेला नवा कोड लावलेला होता. "गाळा पाह्यजे," ते म्हणाले. "जोडून टाका ते." मी 'फोन'समोरच्या चौकटीत नवीन खातं भरलं. सेव्ह केलं. तात्या पडद्याकडे बघत होते.

त्यानंतर बिल एकदाच घेऊ लागले. गिऱ्हाइकाला पाण्याचं विचारेनासे झाले. मोटार घ्यायचे, बाजूला ठेवायचे. माझ्या नोंदी निम्म्यावर आल्या आणि मला त्याचं काही बरं वाटेना.

पाचव्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास मी नोंदी करत बसले होते. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी, छाती खालीवर होत होती. तात्या आतल्या बाजूला वाकून तार शोधत होते, ते बाहेरून दिसत नव्हते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "साहेबराव हायेत का?" ते 'हायेत का' त्यानं ज्या आवाजात विचारलं, तेव्हाच मी ओळखलं हा कोण.

"आहेत. आत आहेत."

तो खाली पायरीवरच बसला.

तात्या उठले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दुकान चालू हाये व्हय," रावसाहेब म्हणाला.

"चालूच हाये."

"चार दिवस झाले, फोन वाजला नाय."

"खातं बदललं."

"मला वाटलं..." त्यानं पंच्यानं तोंड पुसलं.

तात्यांनी माठातून तांब्या भरून त्याच्यापुढं ठेवला. "पिशोरहून किती घेतेत आता तिकिटाचे?"

रावसाहेबानं आकडा सांगितला. तात्या म्हणाले, लई झाले. मग रावसाहेब पाणी पिता पिता टेबलावरच्या उघड्या मोटारीकडे बघू लागला. उठला, जवळ गेला, तार दोन बोटांत धरली.

"ही बारीक पडंल तात्या."

"दोन वर्षं हीच वापरतोय."

"म्हणून परत येत असत्यात."

"माझी एकबी परत येत नाय."

"आत्ता ही आलीय ना? ही तुझ्याच हातची गाठ हाये."

त्यावरून जे सुरू झालं ते दुपारपर्यंत चाललं. तारेची जाडी, वार्निश, कुठल्या साली कुणाची मोटार कुणी बिघडवली. मधे तीन गिऱ्हाइकं आली, त्यांनाही दोघांनी साक्षीला ओढलं. जेवायची सुट्टी झाली नाही. जुन्या भांडणाचं नाव कुणी काढलं नाही, फक्त एकदा तात्या तार गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशी म्या बोलायला नको होतं." रावसाहेब म्हणाला, "धर नीट, ढिली पडतीय."

कर्ज पुढं रीतसर झालं आणि गाळाही मिळाला, पण त्या दिवशी त्याचा विषयच निघाला नाही. पाच वाजता तात्यांनी शटर अर्धं ओढलं. वर्षभरात मी ते अंधार पडायच्या आत ओढलेलं पाहिलं नव्हतं. "ताई, राहिलेलं उद्या लिहा," ते म्हणाले. "ह्याला गाडीत बसवून येतो." स्कूटरवर रावसाहेब मागं बसला, पिशवी मांडीवर.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, "काल गाडी मिळाली का लगेच?"

"मिळाली की," तात्या म्हणाले. "तीन सोडल्या, चौथीत बसवला."