रोमनांचा उत्तरार्ध

लातुरात एका डाळमिलीच्या माडीवर दर महिन्याला वाचक मंडळाची बैठक भरत असे. अध्यक्ष भीमाशंकर हे निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. आयुष्यभर शाळा फाटकातूनच तपासल्यामुळे पुस्तके मलपृष्ठावरून तपासण्याचा त्यांना दांडगा सराव होता.

त्यांचे वर्गमित्र वीरण्णा नायगावला प्राध्यापक होते. रोमन फौज आणि जर्मन टोळ्यांच्या लढाईवर त्यांनी उमेदीची वर्षे घालवून जाडजूड कादंबरी लिहिली. पहिली प्रत त्यांनी भीमाशंकरांच्या हातात ठेवली.

"भीमा, तू वाचून खरं सांग. बाकीच्यांचं मला काही न्हाई."

भीमाशंकरांनी मनापासून वाचायला घेतली. चाळिसाव्या पानावर रोमन जंगलात शिरले आणि भीमाशंकर झोपेत. बैठकीचा दिवस उजाडला तेव्हा दोघेही तिथेच होते.

"अध्यक्षांचा अभिप्राय?" मंडळाचे चिटणीस शेषेराव यांनी विचारले.

"भाषा ओघवती आहे," भीमाशंकर चष्मा पुसत म्हणाले, "परंतु उत्तरार्ध रेंगाळतो."

या वाक्याने त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता. शेषेरावांनी 'रेंगाळतो'च्या आधी 'फारच' घालण्याची दुरुस्ती सुचवली आणि अभिप्राय एकमताने मंजूर झाला. मग हदगावकडच्या एका सदस्याने हरकत घेतली, "जर्मनांना झाडीत राहणारे दाखवलंय. उद्या त्यांच्या भावना दुखावल्या म्हंजे?" लातुरात जर्मन उपलब्ध नसल्याने त्यांच्या वतीने भावना दुखावून घेण्यासाठी तातडीने उपसमिती नेमण्यात आली.

वीरण्णा मानी माणूस. दुसऱ्या आवृत्तीतून त्यांनी उत्तरार्ध काढला, जर्मनही काढले. रोमन जंगलात शिरतात, कुणीच भेटत नाही, म्हणून परत येतात. त्यावर वाचक खवळले, "मग लढाई कुठाय?"

इकडे भीमाशंकरांच्या पत्नी महादेवी यांनी पहिली आवृत्ती वाचून संपवली. पदराने डोळे टिपत त्या म्हणाल्या, "शेवटी ती माय मेलेल्या पोराचं चिलखत पुसत बसती बघा... लई रडले मी. तुमी वाचताना रडला न्हाईत?"

दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने भीमाशंकरांनी नायगाव गाठले.

"वीरण्णा, तो उत्तरार्ध परत घाल. माझं ऐक."

"आता गरज न्हाई," वीरण्णा खुशीत म्हणाले. "तिसरी आवृत्ती नुसत्या अभिप्रायांची काढायलो. लोक तेवढंच वाचत्यात. तुझा पहिल्या पानावर हाय, फोटोसकट."

फोटो खरोखरच चांगला आला होता. भीमाशंकरांनी चहासोबत उरलेले बोलणेही गिळले.

ती आवृत्ती हातोहात खपली आणि तिला उत्कृष्ट ऐतिहासिक कादंबरीचा पुरस्कार मिळाला. समारंभात वीरण्णांनी हार काढून ठेवला आणि माईकजवळ तोंड नेऊन हळूच विचारले, "मंडळी, त्या लढाईत शेवटी जिंकलं कोण?"

शेषेराव पंख्याकडे पाहू लागले. भीमाशंकरांची नजर गर्दीत महादेवींना शोधू लागली. पण त्यांना निमंत्रणच नव्हते. त्या मंडळाच्या सदस्य नव्हत्या, नुसत्या वाचक होत्या.

सभागृहातल्या माणसांवर हसायला हरकत नाही. मात्र ही हकीकत तुम्हीही इथवर वाचत आलात, आणि जिंकले कोण, हे तुम्हालाही एकदा विचारावेसे वाटले नाही.