आप्पांची फुंकणी

आमच्या शेजारच्या आप्पांना गाडी चालवता येत नाही. सायकल येते, तीही उतार आला की खाली उतरून हातात धरतात. आणि या माणसाने घरच्या जुन्या गाडीला सुपरचार्जर बसवला! स्वतःच्या हाताने, घराच्या दारात, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली.

सुपरचार्जर म्हणजे काय, हे खरं तर मला कशाला माहीत असावं? सातवी शिकलेली बाई मी. पण दिवाळीपासून दुसरं काही कानावर पडलंच नाही तर काय करणार? आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. थकले हो मी त्या शब्दाने.

सिडकोतली आमची रो हाउसं, भिंतीला भिंत. आप्पांनी पाना आपटला की माझ्या मांडणीवरच्या वाट्या वाजतात. ते मूळचे सटाण्याकडचे, 'आहे'ला अजून 'शे' म्हणणारे. अंबडच्या एका कारखान्यात तपासणीला होते. तयार झालेला माल मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसला तर बाजूला फेकायचा, एवढंच काम आयुष्यभर. निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. लोकांच्या खिशात पेन असतो, तसा यांच्या खिशात मापाचा चिमटा. एकदा मी बाजरीची भाकरी दिली, तर चिमटा लावून म्हणाले, "ताई, मधे जाड आणि कडेला पातळ शे."

"मग कडेकडेची खा," मी म्हटलं.

रागावत नाहीत मात्र. कुणी काही बोललं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य, "शास्त्र साधं शे." दूध नासलं, नळाला पाणी आलं नाही, कुणाचं लग्न मोडलं, सगळ्याला हेच. आणि ते साधं शास्त्र सांगायला बसले की माझी आमटी करपते.

गाडी त्यांची नाही, त्यांच्या बायकोची. शोभाताई पेठकडच्या एका पाड्यावर झेडपीच्या शाळेत मास्तरीण होत्या. तेव्हा बाई गाडी चालवते म्हटल्यावर लोक वळून बघायचे. या बाई पावसात, धुक्यात सावळघाट चढून जायच्या आणि संध्याकाळी उतरून यायच्या. शेजारच्या सीटवर कधी रविवारी आप्पा, मांडीवर पिशवी धरून, पाहुण्यासारखे. निवृत्तीनंतरही शोभाताईंनी जाणं सोडलं नव्हतं. पाड्यावरच्या मुली दहावीला बसतात, त्यांचं गणित कच्चं. दर रविवारी गणित शिकवायचं आणि येताना नागली नाहीतर तांदूळ घेऊन यायचं. मलाही वाटीभर मिळायचा. काय वास त्या तांदळाला!

मग त्यांचा डावा गुडघा गेला. घाटात चढताना सारखा गियर बदलावा लागतो, गियर म्हटला की क्लच आला आणि क्लच म्हटला की डावा पाय. मागच्या पावसाळ्यात एका वळणावर पाय असा धरला की क्लच दाबताच येईना. गाडी बंद पडली. मागे गाड्यांची ही रांग. शेवटी एका जीपवाल्याने उतरून यांची गाडी वरपर्यंत नेली, आणि शोभाताई शेजारी बसल्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी किल्ली खिळ्याला टांगली ती टांगलीच. म्हणाल्या, "विकून टाका."

मानी बाई. काठी घ्या म्हटलं तर म्हणे, "काठी म्हातारे घेतात." भाजीवाल्यापाशी उभ्या राहिल्या की एका पायावर भार देऊन, पण चेहऱ्यावर काही दिसू द्यायच्या नाहीत. ड्रायव्हर ठेवा म्हटलं, तर, "मागे बसून जायला मी काय नवरी आहे?" एसटी पाड्यापर्यंत जात नाही. पाड्यावरून मुलींचे फोन यायचे, "मॅडम, कधी येणार?" या "बघू, बघू" म्हणायच्या आणि फोन ठेवून ओट्यावर बसून राहायच्या. समोर गाडी. ती त्यांच्याकडे बघतेय, त्या तिच्याकडे. बघवत नव्हतं.

आणि नेमक्या या वेळी आमच्या आप्पांना वेड लागलं.

मालेगावच्या कुठल्या भंगारवाल्याकडून ते एक लोखंडी धूड घेऊन आले. पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, बाळंतीण बाळ घेऊन येते तसे. ओट्यावर पोतं सोडलं आणि मला हाक मारली. "ताई, या! सुपरचार्जर!"

"कशाला?"

"इंजिनाला हवा जास्त देतो. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जळतं. जळलं जास्त की जोर जास्त. शास्त्र साधं शे."

"म्हणजे फुंकणी," मी म्हटलं.

आप्पा माझ्याकडे बघतच राहिले. "बरोबर! फुंकणी! इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारी फुंकणी!"

"मग जपून. जास्त फुंकलं की राख डोळ्यात जाते."

त्यावर मात्र ते गंभीर झाले आणि म्हणाले, "त्याचाच विचार चालू शे."

विचार दिवाळीपासून होळीपर्यंत चालला. रोज सकाळी खटखट, दुपारी घसाघस. माझं परातीएवढं तसराळं ऑइल काढायला गेलं ते परत आलं नाही. माझ्या दोन सुती साड्या पुसायला गेल्या. "मऊ लागतं, ताई, नवीन कापड चालत नाही." पट्टा बसवला की करकरायचा, आणि तो करकरला की गल्लीतली सगळी कुत्री तोंड वर करून उत्तर द्यायची. कॉलनीच्या ग्रुपवर सेक्रेटरीने लिहिलं, "कृपया आवाज कमी ठेवावा." आप्पांनी उत्तरादाखल पट्ट्याचा फोटो टाकला. त्याने पुन्हा लिहिलं, यांनी दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो टाकला. सेक्रेटरीने ग्रुपच सोडला.

उन्हाळ्यात पहिल्यांदा सुरू केली तो दिवस तर मी विसरायची नाही. मी खाटेवर कुरडया वाळत घातलेल्या. आप्पांनी बायकोला हाक मारून आत बसवली, "नुसती किल्ली फिरव, चालवू नको." शोभाताईंनी कंटाळून फिरवली. गाडी गुरगुरली, आप्पा नाचायला लागले, "सुरू झायी! ताई, सुरू झायी!" आणि एवढ्यात फाटकन एक रबरी नळी सुटली आणि आतली सगळी धूळ माझ्या कुरडयांवर. पांढऱ्याशुभ्र कुरडया, मेल्या म्हशीसारख्या झाल्या.

"आप्पा!" मी ओरडले.

"क्लिप ढिली राहिली," ते म्हणाले. "शास्त्र..."

"शास्त्र घाला चुलीत!"

त्या दिवशी मी खरंच रागावले होते, आणि ते काही कुरडयांसाठी नव्हतं. आत बायको गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलीय, आणि हा माणूस लोखंडाला कुरवाळतोय. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "अहो, एवढा जीव त्या मशीनला लावण्यापेक्षा बायकोला लावा की! गाडी विका, नाहीतर ती आपोआप गियर बदलणारी घ्या. काहीतरी शहाणपणाचं करा!"

 आप्पा नळीला चिमटा लावून माप घेत बसले. मी खिडकी लावून घेतली. दोन दिवस बोलले नाही.

शेवटी बसलं एकदाचं. नळी सुटेना, पट्टा करकरेना. आता चालवून बघायला पाहिजे. आणि चालवणार कोण? आप्पा बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

"घाटात न्यावी लागेल. सपाटीवर कळत नाही."

"मी नाही चालवणार आता," शोभाताई म्हणाल्या.

"मग कोण? मला येत नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही मी हे."

"एवढा खटाटोप केला, तेव्हा नाही का विचार केला, चालवणार कोण?"

"नाही केला," आप्पा म्हणाले. इतक्या सरळ चेहऱ्याने, की मलाही खरं वाटलं.

शोभाताईंनी कपाळावर हात मारला. पण उठल्या. खिळ्यावरची किल्ली काढली. "एकदाच. तुमच्या हट्टापायी. आणि जातोच आहोत तर पाड्यावर जाऊन येऊ. कुसुमताई, तुम्ही पण चला. हे एकटे असले की माझं डोकं खातात."

मी मागे बसले. पेठ नाक्यावरून निघालो. गाडी पीठगिरणीसारखी घूं घूं आवाज करत होती, पण जात होती झकास. रामशेज दिसायला लागला नाही तोच आप्पा ओरडले, "थांबव! वास येतोय." बाजूला घेतली. ते उतरले, बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं. थोड्या वेळाने बंद केलं. "चल." पुढे चाचडगावच्या आधी पुन्हा, "थांबव, आवाज बदलला." पुन्हा बॉनेट. मला हसावं की रडावं कळेना. एवढी फुंकणी बसवून बैलगाडीपेक्षा जास्त वेळा थांबतोय आम्ही! शोभाताई दरवेळी पुटपुटायच्या, "या माणसाचं काही खरं नाही."

घाटाच्या पायथ्याशी आप्पा म्हणाले, "तिसऱ्या गियरमधेच ठेव. बदलू नको. मशीनची परीक्षा आहे."

आणि बाई, चढली हो! समोर मालाचा ट्रक कण्हत चाललेला, आमची म्हातारी गाडी त्याच्या शेजारून वर. वळण आलं, गेलं, दुसरं आलं. एकदाच दुसऱ्यात टाकावी लागली. शोभाताईंची पाठ अशी ताठ झाली होती, वर्गात शिरताना होत असेल तशी. मी मागून बघत होते. आप्पांचं लक्ष रस्त्याकडे नव्हतं, काट्याकडेही नव्हतं. मान खाली घालून ते तिच्या डाव्या पायाकडे बघत होते.

वरच्या अंगाला जरा रुंद जागा आली आणि आप्पा ओरडले, "थांबव!"

आता मीच उतरले. कंबर धरली होती माझी. बॉनेट वर केलेलं, त्याच्यामागे आप्पा नुसते उभे. हात खिशात.

"आता काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग उघडलं कशाला?"

आप्पांनी आवाज खाली आणला. "हळू बोला. बॉनेट उभं असलं की आपण तिला दिसत नाही, ती आपल्याला दिसत नाही. तेवढ्यात ती पाय लांब करते, चोळून घेते. पाय दुखतोय का, थांबायचं का, विचारलं तर थांबणार नाही. मशीन बिघडलं म्हटलं की थांबते."

मी पदर सावरून बॉनेटआड सरकले.

"तिसऱ्यात ओढतंय ना पण?" ते म्हणाले. "गियर कमी बदलायचा, म्हणजे क्लच कमी. तुम्ही म्हणता तशी आपोआप वाली घेता आली असती, ताई. पण ती दारात उभी राहिली असती तर गल्लीला कळलं असतं कशासाठी आणली. तिलाही. हे माझं वेड आहे म्हटलं की कुणी काही विचारत नाही."

आणि माझ्याच साडीचा तुकडा काढून ते एक स्वच्छ नळी पुसायला लागले.

खाली दरीत कुणीतरी गुरांना हाका मारत होतं. आतून शोभाताईंचा आवाज आला, "झालं का हो? मुली वाट बघत असतील!"

आप्पांनी तोंड उघडलं. पण काय बिघडलंय ते सांगायला त्यांना काही सुचेना. वास झाला होता, आवाज झाला होता. माझ्याकडे बघायला लागले.

"थांबा जरा, शोभाताई!" मीच ओरडले. "पट्टा सैल झालाय म्हणे!"

"मेलं ते मशीन!" आतून आलं. "बसा घालून डोकं दोघं!"

मी खरंच डोकं घातलं आत. बोट लावून पाहिलं. पट्टा चांगला ताठ होता.