इटलीचा व्हिला आणि तिसरा आग्रह

"यंदाच्या जुलैत मी चमचासुद्धा हलवणार नाही!"

मार्लिस टॉलेफ्सनने ही घोषणा केली तेव्हा बाहेर मिनेसोटातला जानेवारी होता, खिडकी निम्मी बर्फात बुडाली होती आणि ती स्वतः गॅसपाशी उभी राहून चमचाच हलवत होती. ऐकायला समोर फक्त नवरा होता. वर्लिन शेतकऱ्यांची धान्याची कोठारं दुरुस्त करायचा. मनाने सोन्यासारखा माणूस, पण शब्द मात्र फार जपून खर्च करायचा.

"बरं," वर्लिन म्हणाला.

"आपण इटलीला जाणार आहोत. टेकडीवरचा अख्खा व्हिला! पोहायचा तलाव, खाली द्राक्षांचे मळे आणि..." मार्लिसने गॅस बंद केला, कारण पुढचं वाक्य उकळीच्या आवाजात बोलण्यासारखं नव्हतं. "आणि एक स्वयंपाकीण. ती करणार, मी खाणार!"

"इटली," वर्लिन विचार करून म्हणाला. "वेगळंच आहे जरा."

आता मिनेसोटात 'वेगळंच आहे' हे काही कौतुक नव्हे. शेजाऱ्याने घराला जांभळा रंग दिला की लोक म्हणतात, वेगळंच आहे. पण मार्लिसने त्या दिवशी तिकडे सरळ काणाडोळा केला.

"येशील ना?"

"तू जा गं. माझं काय."

"अरे, चल ना."

"उगाच कशाला."

"वर्लिन, चल!"

"बरं."

त्या गावची रीतच अशी होती. कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदाही 'नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं तर घ्यायचं. पहिले दोन आग्रह शिष्टाचाराचे, तिसरा खरा. तिसऱ्यालाही नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार आपटणं. लहान पोरं चालायच्या आधी हे शिकतात. त्यामुळे वर्लिनने तिसऱ्या खेपेला 'बरं' म्हटल्यावर मार्लिसला आनंदाचं भरतं आलं. नवरा तयार झाला!

एवढा हट्ट कशासाठी, ते सांगायलाच हवं. टॉलेफ्सनांची तळ्याकाठी एक लाकडी केबिन होती. लग्न झाल्यापासून दर जुलैत मार्लिसची सुट्टी तिथेच जायची. पुरुषमंडळी होडीत, पोरं पाण्यात, नणंद आर्डिस आरामखुर्चीत आणि मार्लिस चुलीपाशी! आर्डिस खुर्चीतूनच विचारायची, "मदत करू का गं?" मार्लिस रीतीप्रमाणे म्हणायची, "नको नको." आर्डिस पुन्हा विचारायची, "नक्की नको?" मार्लिस म्हणायची, "बस गं तू." आणि तिथे आर्डिस थांबायची. इतक्या वर्षांत बाई एकदाही तिसऱ्या आग्रहाला पोचली नव्हती. मार्लिसला त्याचा मनातून फार राग यायचा. आयुष्यात एक आठवडा तरी दुसऱ्या कोणीतरी आपल्या पुढ्यात गरम ताट ठेवावं, एवढंच तिचं मागणं होतं. मावशीने तिच्या नावाने थोडे पैसे ठेवले होते, ते तिने बेधडक या कामी लावले. स्वयंपाकिणीसकट परवडणारा व्हिला एकच सापडला. त्याला सहा खोल्या होत्या, पण म्हटलं, असू देत! पाच रिकाम्या ठेवू!

इथवर सगळं सुरळीत होतं. मग मार्लिसने रविवारी चर्चच्या तळघरातल्या कॉफीला व्हिलाचा फोटो शेजारच्या आयनेझ म्हातारीला दाखवला. फक्त आयनेझला हं! पण त्या तळघरात एकीला दाखवलेला फोटो साखर कालवायच्या आत सगळ्यांना दाखवून होतो. आर्डिस मान लांब करून आलीच.

"छान आहे गं. खोल्या किती?"

"सहा."

"सहा?" आर्डिसने फोटोकडे पाहिलं, मार्लिसकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. "दोघांना सहा खोल्या! बाई बाई."

झालं! कोणी तुमच्या खोल्या मोठ्याने मोजल्या की बोलवावं लागतं. तिथे इलाजच नसतो. पण मार्लिस कच्च्या गुरूची चेली नव्हती. नणंदेचीच विद्या नणंदेवर चालवायची, दोन आग्रह करायचे आणि थांबायचं, असं तिने जागच्या जागी ठरवलं.

"मग तुम्हीही या ना," मार्लिस गोड हसून म्हणाली.

"छे गं! तुम्हा दोघांची ती सहल."

"असं काय करता, या की!"

"नको बाई. ड्वेनला विमानात गुदमरतं." ड्वेन म्हणजे आर्डिसचा नवरा. त्याने मान हलवून दुजोरा दिला.

संपलं. मार्लिसने पटकन एक अख्खी लिंबाची वडी तोंडात कोंबली, म्हणजे चुकूनसुद्धा तिसरा आग्रह बाहेर पडायला नको. तेवढ्यात कॉफीचा कप सांभाळत वर्लिन आला.

"कसलं चाललंय?"

"तुमच्या इटलीचं," आर्डिस म्हणाली.

"अरे, मग तुम्ही पण या ना!" वर्लिन म्हणाला.

मार्लिसच्या घशात वडी अडकली. वर्षाकाठी शंभर शब्द बोलणारा माणूस, त्यातले नेमके हे शब्द त्याला आत्ता सुचावेत! आर्डिसचा चेहरा गरम बटाटा गिळल्यासारखा झाला.

"एवढं म्हणताय," ती हळूच म्हणाली, "तर येतो."

मग काय, बांधच फुटला. आयनेझ समोर उभी असताना एकीला बोलवायचं आणि दुसरीला नाही, हे कसं चालेल? तिला आर्डिसनेच तीनदा बोलावून टाकलं. "माझे गुडघे..." म्हणत म्हणत आयनेझ इटलीला तयार झाली. आर्डिसची लेक, जावई आणि त्यांची जुळी यांची एक खोली ठरली. पुढच्या रविवारी पास्टर लायल यांनी प्रार्थनेत 'इटलीला निघालेल्या आपल्या मंडळीं'साठी आशीर्वाद मागितला. आता आशीर्वाद देणाऱ्यालाच मागे कसं ठेवायचं? पास्टर आणि त्यांच्या सौ. मिळून पाचवी खोली भरली. सहाव्या खोलीत ड्वेनच्या मासेमारीच्या काठ्या जाणार होत्या. इटलीतल्या उंब्रिया भागातल्या त्या टेकडीच्या आसपास तळं नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मंडळी नियोजनासाठी दर गुरुवारी जमू लागली. कुठे? मार्लिसच्या घरी! आणि मंडळी जमली म्हणजे हॉटडिश आलीच. कीमा, बटाटे आणि वरून मशरूम सूपचा डबा ओतून ती भट्टीत ढकलायची. स्वयंपाकापासून सुटका व्हावी म्हणून ठरवलेल्या सहलीपायी मार्लिस दर गुरुवारी अकरा जणांचं रांधू लागली.

पण मार्लिस हार मानणाऱ्यातली नव्हती. येऊ नका असं तोंडावर म्हणता येत नाही, ठीक! मग त्यांनीच नको म्हणायला हवं. तिने कंबर कसली.

"तिथे जुलैत ऊन असं असतं," हॉटडिश वाढता वाढता ती म्हणाली, "की माणूस घराबाहेर पडू शकत नाही!"

"तेवढं चालायचंच," पास्टर म्हणाले.

"आणि विंचू असतात. बुटात!"

"बूट झटकून घालू," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता, पण मार्लिसचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कॉफी अंगठ्याएवढ्या कपात देतात. एकच घोट!"

इथे मात्र सगळे गंभीर झाले. ड्वेनने काटा खाली ठेवला. मार्लिसच्या आशा पालवल्या. शेवटी आयनेझ म्हणाली, "याहून वाईट असू शकलं असतं."

मार्लिसने कपाळावर हात मारला. चुकलंच होतं तिचं! ज्या गावात लोक उणे तीस अंशात 'आज जरा गारवा आहे' म्हणतात, त्यांना तक्रारीचं कारण देऊन काय उपयोग? जितकी संकटं सांगावीत तितके ते घट्ट होत होते.

आणि मग मे महिन्यातल्या एका रविवारी, त्याच तळघरात, आर्डिसने शेवटचा घाव घातला.

"अगं, एक काम करून टाकलं मी," तिने कॉफी ढवळत सांगितलं. "खोल्यांचं कळवायला तू व्हिलावाल्यांचा पत्ता दिला होतास ना? त्यांना कळवलं, ती स्वयंपाकीण नको म्हणून. परक्या बाईच्या हातचं कशाला खायचं? आपली मार्लिस आहे की!"

मार्लिसच्या हातातला कप थांबला. तिच्या डोळ्यांपुढे टेकडी आली, द्राक्षं आली आणि त्या सगळ्याच्या मधोमध चुलीपाशी उभी असलेली ती स्वतः आली. खुर्चीत आर्डिस. 'मदत करू का गं?' तिला रडूच फुटणार होतं. पण फुटलं ते भलतंच.

"तुम्ही तिथे नको आहात मला!"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"एकही जण नको!" मार्लिस म्हणाली. "मला कोणासाठी शिजवायचं नाही! मला बसून खायचंय! गरम! आयतं! झालं समाधान?"

पास्टर लायल जमिनीवरच्या फरशा निरखू लागले. त्या गावात असं बोलणं कोणी कधी ऐकलं नव्हतं. आर्डिसने हळूच कप खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"खरंच नको आहोत आम्ही?"

"खरंच!"

"शप्पथ?"

"शप्पथ!"

"अगं बाई, मग आधी का नाही बोललीस!" आर्डिसने तिला मिठीच मारली. "मला विंचवांची स्वप्नं पडायला लागली होती गं!"

आणि मग प्रत्येकाचं तोंड उघडलं. आयनेझ म्हणाली, पासपोर्टचा फोटो तिने मुद्दाम डोळे मिटून काढला होता, म्हणजे तो परत येईल. पास्टरांनी खाली मान घालून कबूल केलं की काहीतरी चांगलीशी अडचण यावी म्हणून ते रोज प्रार्थना करत होते. ड्वेनने तर चक्क पूर्ण वाक्य उच्चारलं. "एका घोटाची कॉफी," तो म्हणाला, "ही कॉफीच नव्हे."

"मग हो कशाला म्हणालात सगळे?" मार्लिस ओरडली.

"तीनदा विचारलंत!" सगळे एकदम म्हणाले आणि सगळ्यांनी वर्लिनकडे बोट केलं.

"आणि माझी स्वयंपाकीण का घालवलीस?"

"वाटलं, ती गेली की तू चिडशील," आर्डिस डोळे पुसत म्हणाली, "आणि सगळंच रद्द करशील. माझी शेवटची आशा होती ती. आजच पुन्हा कळवते त्यांना."

मार्लिसच्या जिवात जीव आला. गाडीत बसताना तिला वाटत होतं, जगातल्या सगळ्या रिकाम्या खोल्या आपल्याच आहेत. "आता फक्त तू आणि मी!" ती वर्लिनला म्हणाली.

वर्लिनने किल्ली फिरवली नाही. तो काचेतून समोर बघत राहिला.

"वर्लिन?"

"अं?"

तिला एकदम जानेवारी आठवला. 'तू जा गं.' 'उगाच कशाला.' आणि तिसऱ्या खेपेचं ते 'बरं'.

"म्हणून बोलावलंस त्यांना? एकट्याला कंटाळा येईल म्हणून?"

"ड्वेन असता तर जरा..." वर्लिनने मान खाली घातली. "जुलैत तळ्यावर मासे चांगले लागतात गं."

वाईट वाटलं तिला, का नाही वाटणार? पण राग येईना. या माणसाला तिने तीनदा विचारून कोंडीत पकडलं होतं, जसं त्याने आर्डिसला पकडलं.

"मग तू तळ्यावर जा," ती म्हणाली. "मी इटलीला जाते. एकटी."

"तुला वाईट नाही ना वाटणार?"

"नाही."

रीतीप्रमाणे अजून दोनदा विचारायला हवं होतं. मार्लिस वाट बघत बसली. वर्लिनने आनंदाने गाडी सुरू केली.

तर जुलैत मार्लिस खरोखर निघाली. निरोपाला सगळं गाव विमानतळावर आलं. आर्डिसने मशरूम सूपचे दोन डबे पुढे केले. मार्लिस नको म्हणाली, परत नको म्हणाली, पण या वेळी आर्डिसने मार्लिसला आयुष्यात पहिल्यांदाच तिसरा आग्रह केला. मग काय करणार! डबे बॅगेत गेले.

टेकडी फोटोतल्यासारखीच होती. द्राक्षं होती, तलाव होता आणि स्वयंपाकघरात, पांढरा एप्रन बांधून, ओर्नेला नावाची खरीखुरी स्वयंपाकीण होती! ओट्यावर टोमॅटो चिरून ठेवले होते, लसूण सोललेला होता, पातेल्यात पाणी खळखळत होतं. मार्लिस टेबलापाशी बसली. रुमाल मांडीवर पसरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती बसलेली होती आणि दुसरं कोणीतरी उभं होतं. तिला भूक अशी लागली होती की टेबलसुद्धा चाललं असतं.

"तुमचा पास्ता टाकू आता?" ओर्नेलाने विचारलं.

"नको नको," मार्लिस लाजून म्हणाली. "माझ्या एकटीसाठी उगाच कशाला त्रास."

"बरं," ओर्नेला म्हणाली. तिने गॅस बंद केला, टोमॅटो झाकून फ्रीजमध्ये ठेवले, एप्रन खुंटीला अडकवला, हसून शुभ रात्री म्हटलं आणि स्कूटर सुरू करून टेकडी उतरून गेली.

दुसऱ्यांदा विचारायला ती परत येईल म्हणून मार्लिस बराच वेळ दारात उभी राहिली. मग आत आली, बॅग उघडली, आर्डिसचा डबा फोडून पातेल्यात ओतला, गॅस पेटवला आणि चमचा हलवायला लागली.