आप्पांचा पहिला नंबर

विष्णूआप्पा माणसाचं तोंड बघत नाहीत, पाय बघतात. भरे गावात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे मला हे लहानपणापासून ठाऊक. समोरून कोणी आलं की आप्पांची नजर थेट गुडघ्याखाली. रामराम नंतर. आधी तो माणूस कसा चालतोय ते बघणार, मनाशी काहीतरी ठरवणार आणि मगच मान वर करणार.

माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला, आणि पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "मुलीला जरा चालून दाखवायला सांगा." बहिणीचा चेहरा पडला. कोपऱ्यात बसलेले आप्पा म्हणाले, "पोरीला मी रोज बघतोय. तिची चाल सरळ हाय. पोराला चालवा."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. शेवटी त्या बिचाऱ्या मुलाला ओसरीपासून गोठ्यापर्यंत जाऊन परत यावं लागलं. "डावा पाय वाईच बाहीर टाकतुया," आप्पांनी निकाल दिला, "पन चालंल." लग्न झालं. आमचे दाजी आजही आप्पांच्या दारावरून जाताना जपून पावलं टाकतात.

जगात जे काही बिघडतं त्याला आप्पांकडे एकच शब्द होता. चाल मोडली. दूध उतू गेलं, चाल मोडली. ठरलेलं लग्न फिसकटलं, चाल मोडली. ग्रामसभेत एक सदस्य आरडाओरडा करायला लागला तेव्हा आप्पा मागून ओरडले, "आरं, चाल मोडू नगं, दुडकीवर ये!"

दुडकी म्हणजे घोड्याची ती चाल, ज्यात पुढचा एक पाय आणि मागचा त्याच्या उलट बाजूचा पाय एकदम पडतात. टप टप, टप टप. धावणं नाही आणि चालणंही नाही. आप्पांच्या मते देवानं घोड्याला दिलेली ही सगळ्यात सभ्य चाल. चौखूर कोणीही उधळतं. दुडकीवर राहायला मन लागतं.

आणि त्यांच्याकडे सोनकी होती. लोणावळ्याच्या एका टांगेवाल्याकडून शिंगरू असताना आणलेली, बुटकी, पिवळसर तांबूस घोडी. पावसाळा सरताना आमच्या डोंगरांवर पिवळी फुलं येतात, त्यांचं नाव तिला दिलेलं. तिला हलक्या गाडीला जुंपून आप्पा रोज सकाळी पौडच्या रस्त्याला लागायचे. मागं धरणाकडे निघालेल्या गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ, आणि पुढं सोनकी आपली टप टप, टप टप. आप्पा तिच्याशी सारखे बोलत. कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, भुकूमला कोणाचा नवा मजला चढला, सगळं तिला सांगत. चाबूक त्यांनी कधी बाळगलाच नाही. "चाबूक कशाला? तिला कान हायेत की," म्हणायचे.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात माल परदेशी पाठवायच्या खात्यात आहे. तिथं यंत्र बसवायला मार्को नावाचा इटालियन इंजिनियर आला होता. एका सकाळी आमची गाडी आप्पांच्या मागं अडकली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला गेला तर मार्कोनं त्याचा हातच धरला. थेट फाट्यापर्यंत आम्ही घोडीच्या मागून गेलो. मग तो खाली उतरला आणि सोनकीकडे देवळात बघावं तसं बघत राहिला. त्याचा भाऊ माल्टा नावाच्या बेटावर दुडक्या चालीच्या शर्यतींचे घोडे पाळायचा. तिथं हौशी लोकांची एक शर्यत होती. बाहेरच्या देशांतल्या घोड्यांनाही आमंत्रण असायचं, अट एवढीच की मालकानं स्वतः हाकायचं.

"ह्या मारुतरावाला इचार, तितं चाल मोडली तर काय करत्यात?" आप्पा मला म्हणाले. मार्कोचा त्यांनी पहिल्याच दिवशी मारुतराव केला होता.

"घोडा उधळला तर बाद," मी विचारून सांगितलं.

"मग हे मानसांचं गाव हाय," आप्पा म्हणाले. आणि जायचं ठरलं.

रस्त्याकडचा जो तुकडा बिल्डरांना वर्षानुवर्षं नाही म्हणत राखला होता, तो आप्पांनी विकला. सुमनआक्का, म्हणजे त्यांची बायको, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "पोरीच्या लग्नात न्हाई इकला, घोडीच्या इमानासाठी इकला." कागदपत्रं मी बघितली. माझ्या पासपोर्टवर नसतील एवढे शिक्के त्या घोडीच्या कागदांवर बसले. रक्ताच्या तपासण्यांसाठी तिला वेगळं ठेवावं लागलं, तेव्हा आप्पा डॉक्टरांवर बिघडले, "माज्यापरीस स्वच्छ हाय ती!"

निघायच्या आधी फाट्यावर फ्लेक्स लागला. आप्पांचा हात जोडलेला फोटो आणि शेजारी एक पांढराशुभ्र, उंच घोडा. छापणाऱ्याला सोनकी फारच बारकी वाटली म्हणे. आक्कानं सोनकीला ओवाळलं, आप्पांना ओवाळलं नाही.

दुभाषा म्हणून मीही बरोबर गेलो. माल्टाला पोहोचल्यावर मला पहिल्याच दिवशी लाज वाटायला लागली. ती लपवत नाही. ते घोडे उंच, काळेभोर, चकचकीत. त्यांच्यात आमची सोनकी म्हणजे पाहुण्यांच्या पंगतीत चुकून बसलेलं लेकरू. आप्पा टोपी-पायजम्यात. हेल्मेट दिलं तर ते त्यांनी टोपीवरूनच घातलं. अधिकारी ओळख करून द्यायला पुढं आले की आप्पा वाकून त्यांचे पाय न्याहाळायचे. एका बाईंना वाटलं, हे नमस्कार करताहेत. त्याही घाईनं खाली वाकल्या. लोक हसत होते. वाईट नव्हते हसत, कौतुकानं हसत होते, पण मला ते कौतुक सोसेना. मी मुद्दाम जरा अंतर ठेवून चालायला लागलो. दुभाषा आहे, नातेवाईक नाही, असं दिसावं म्हणून.

शर्यतीच्या दिवशी मार्कोच्या भावानं सगळं सामान दिलं. सायकलीच्या चाकांची, पाय पुढं पसरून बसायची गाडी, लगाम, आणि एक लांब, बारीक चाबूक. आप्पांनी तो परत केला. त्यानं हसून पुन्हा हातात दिला. सगळ्यांकडे असतो म्हणाला. आप्पांनी संकोचून तो मांडीखाली घातला.

शर्यत सुटली आणि सोनकी पहिल्या वळणालाच सगळ्यांच्या मागं पडली. खूप मागं. पण चाल अशी की मोजून घ्यावी. आप्पांचे ओठ हलत होते, म्हणजे ते तिला काहीतरी सांगत होते. प्रेक्षकांच्या गॅलरीपुढून ती पहिल्यांदा गेली तेव्हा माइकवरचा माणूस काहीतरी बोलला आणि सगळी गॅलरी हसली. मग टाळ्या पडल्या. लहान मूल पडत धडपडत शेवटी येतं तेव्हा वाजवतात तशा. मी खाली माझ्या बुटांकडे बघितलं.

वर बघितलं तेव्हा आप्पांचा हात उचललेला होता. चाबूक एकदाच खाली आला.

सोनकी दचकली. कान मागं पडले, मान वर गेली, आणि ती चौखूर उधळली. आप्पा लगाम ओढत होते, ओरडत होते, पण ती ऐकत नव्हती. ते उंच घोडे शिस्तीत दुडकत राहिले आणि त्यांच्या शेजारून आमची बुटकी घोडी वाऱ्यासारखी निघून गेली. रेघ तिनं सगळ्यांच्या आधी ओलांडली. गावाची आख्खी लांबी राखून ओलांडली म्हणा ना.

फलकावर तिच्या नावापुढं 'बाद' उमटलं.

इकडे भऱ्यात देवळाच्या सभामंडपात मोठा पडदा लावून सगळं गाव ती शर्यत बघत होतं. माइकवरचा माणूस काय बोलतोय ते कोणाला कळायचं कारण नव्हतं. आपली घोडी पहिली आली एवढं त्यांना दिसलं, आणि तिथंच त्यांनी पडदा सोडून ढोल गळ्यात घातले. माझा फोन वाजला तेव्हा पलीकडे फटाके होते. "बाद झाली, बाद!" मी ओरडत होतो. "व्हय व्हय, लई नाद!" पलीकडून कोणीतरी ओरडत होतं.

आप्पा गाडीवरून उतरले. हेल्मेट काढायचं त्यांना सुचलं नाही. मी म्हणालो, "जाऊ द्या आप्पा, चाल मोडते एखाद्या वेळी."

"तिनं न्हाई मोडली," आप्पा म्हणाले. "मी मारलं तिला." त्यानंतर भरे येईपर्यंत ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

फाट्यावर नवा फ्लेक्स होता. 'जगात पहिला.' घोडा तोच, पांढरा. गावानं आम्हाला गाडीतून ओढून फुलांनी सजवलेल्या ट्रॉलीत चढवलं, गुलाल उधळला. आप्पांनी माइक मागितला.

"नंबर आला न्हाई," ते म्हणाले. "आमाला बाद केलं. घोडी उधळली. मी तिला चाबूक मारला म्हनून उधळली."

मग खालून कोणीतरी विचारलं, "पन आप्पा, सगळ्यांच्या पुढं हुती का न्हवती?"

"हुती."

"मग झालं की!"

आणि डीजे सुरू झाला. गावानं लाजायला साफ नकार दिला. आप्पांना हार घालून, गुलाल माखून सबंध गावातून फिरवलं. त्या मिरवणुकीत त्यांची मान जी खाली गेली ती दारापर्यंत वर आली नाही. लोकांना वाटलं, पैलवानासारखा विनय आहे. मी शेजारी उभा होतो. तो विनय नव्हता.

सोनकी मागून यायची होती. तपासण्या, विमान, पुन्हा तपासण्या. तेवढे दिवस आप्पा घराबाहेर पडले नाहीत. कोणी सत्काराला आलं की मागच्या दारानं निघून जायचे.

ट्रक आला त्या सकाळी तर ते गोठ्यामागं जाऊन उभे राहिले. घोडी मीच उतरवली.

"लंगडतीया का?" भिंतीआडून आवाज आला.

"नाही आप्पा."

"खातीया का?"

"या की बघायला."

ते आले नाहीत. आक्का पाण्याची बादली घेऊन आली. एरवी जिच्या तोंडाला खळ नाही ती आक्का हळू आवाजात म्हणाली, "लगीन झाल्यापासनं बघतीया. मला न्हाई, पोरीला न्हाई, मारक्या बैलाला न्हाई, कुनाला ह्यांनी बोट लावलं न्हाई. आता सोताच्याच हाताकडं बघत बसत्यात."

गाडी आप्पांनी पुन्हा जुंपली नाही. संध्याकाळी मात्र सोनकीला मोकळीच सोडून ते भातखाचरांकडे जायला लागले. पुढं आप्पा, मागं बऱ्याच अंतरावर घोडी. ते वळून बघायचे नाहीत. ती येतेय की नाही हे बहुतेक आवाजावरूनच ओळखत असावेत.

एकदा मी शेतावरून परतत होतो. बांधाच्या पलीकडे आप्पा पाठमोरे बसलेले दिसले. सोनकी थोडी लांब, तोंड दुसरीकडे करून उभी. आप्पा बोलत होते. आधी मला वाटलं, गावच्या बातम्या सांगताहेत.

"तितली लोकं हसली गं," ते म्हणत होते. "तू नीट चालली हुतीस. तुजं काय बी चुकलं न्हाई. मलाच लाज वाटली. तुजी लाज वाटली मला."

मी होतो तिथंच थांबलो. त्या परक्या गावात ह्या माणसापासून अंतर ठेवून चाललेला मी.

आप्पांनी बांधावरचं ओलं गवत मूठभर उपटलं. तिच्या तोंडाशी नेलं नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवलं आणि पुन्हा मागं सरून, टोपी काढून बसले. घोडी बराच वेळ हलली नाही. मग मान खाली घालून तिनं ते खाल्लं.

आप्पा दुसरी मूठ उपटायला वाकले.